चकतीवरची लाल खूण

चोर सापडला, असं मी नववी ‘ब’च्या अख्ख्या वर्गाला सांगून टाकलं, तेव्हा तो सापडायचा होता. पण आपला अंदाज चुकत नाही असं या वर्षी, म्हणजे २००४ साली, माझं पक्कं मत झालं होतं.

त्याला कारण होतं. डिसेंबरात विज्ञान प्रदर्शनात माझ्या ‘घरातली वीज वाचवा’ या तक्त्याला दुसरा नंबर मिळाला. त्याआधी मी वर्गात तोंड उघडायची ते हजेरीपुरतं. प्रदर्शनात मात्र तीन दिवस हातात छडी घेऊन, येईल त्याला पिवळा बल्ब किती खातो आणि ट्यूब किती खाते ते सांगत उभी राहिले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की आपल्याला बोलता येतं. मग मी काही थांबले नाही.

जानेवारीत मी आमचं घर ताब्यात घेतलं. साठचे तीन पिवळे बल्ब काढून पप्पांना दोन ट्यूब आणायला लावल्या. पाण्यात सोडायचा हिटर माळ्यावर टाकला आणि माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली आणून घासला. इस्त्री आठवड्यातून एकदा, रविवारी, सगळ्यांची एकदम. फ्रिज कारण नसताना उघडायचा नाही, हा नियम आईनं माझ्याकडून घेतला आणि माझ्यापेक्षा कडक पाळला. पप्पा लग्नाआधी आठ वर्षं बर्फाच्या कारखान्यात होते. गोणपाट आणि भुस्सा नीट गुंडाळला की लादी भर उन्हात पन्हाळ्यापर्यंत जाते, हे ते जेवताना हमखास सांगतात. म्हणून आजीच्या जुन्या लुगड्यांची जाड वाकळ आई आणि मी फ्रिजच्या मापानं शिवली आणि पाठीमागून पुढपर्यंत त्याला घट्ट गुंडाळली, फक्त दार तेवढं मोकळं ठेवलं. फ्रिज आमच्या पुढच्या खोलीत असतो, आल्यागेल्याला दिसायला. वाकळीत तो थंडी वाजून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसायचा. पप्पा म्हणाले, “आता कसं, लादी बांधल्यागत दिसतंय.”

फक्त बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढचा झीरोचा बल्ब पप्पांनी बंद करू दिला नाही. “त्यो काय खातोय? आणि खाल्लं तर खाऊ दे.”

मी सगळ्यांना सांगितलं होतं की जानेवारीचं बिल बघाच.

बिल आलं. डिसेंबरला अठ्ठ्याण्णव युनिट होते, जानेवारीला एकशे एकतीस झाले. फेब्रुवारीत एकशे बावन्न.

 आईनं बिल फ्रिजवर ठेवलं, त्यावर स्टीलचा डबा ठेवला आणि मागच्या भिंतीकडं बघितलं. त्या भिंतीपलीकडं आमची भाड्यानं दिलेली खोली.

खोलीत जोतीरामदादा आणि अनुजावहिनी राहायचे. दादा हुपरीचे, चांदीच्या पैंजणांचं जोडकाम करायचे. बारीक कड्या एकमेकींत अडकवून डाग द्यायचा, म्हणजे फुंकनळीच्या ज्योतीनं सांधा पक्का करायचा, आणि आठवड्यातून दोनदा माल हुपरीला शेठकडं पोचवायचा. वहिनी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होत्या. सकाळी सहाची ड्युटी. हुपरीहून पहिल्या एस्टीनं निघालं तरी सहाला दवाखान्यात पोचणं होत नव्हतं, म्हणून ही खोली. मेमध्ये त्यांची परीक्षा होती. भाडं लाईटसकट ठरलेलं, कारण आमच्या घराला आणि त्या खोलीला मीटर एकच.

संशयाला पहिलं पाणी घातलं ते शेजारच्या चिमणामावशीनं. ती रोज दुपारी भांडं घेऊन आमच्याकडं बर्फ न्यायला यायची.

“हुपरीची मानसं हायत ती,” तिनं आवाज बारीक केला. म्हणजे गल्लीच्या निम्म्यापर्यंतच जाईल एवढा. “मोटार लावल्याबिगार चांदी चमकती व्हय? माझ्या भावाच्या घराशेजारी बघितलंय की मी. घुर्र घुर्र दिवसभर.”

“इथं मोटार न्हाय, मावशी. पॉलिश ते हुपरीला करत्यात,” आई म्हणाली, पण अशी, की आपलं आपल्यालाच पटलेलं नाही.

“तुला दाखवून करत्यात व्हय? दार का लावून घेतोय मग दुपारी?” मावशीनं भांड्यात बघितलं. “आणि बर्फ बी पातळ झालाय तुमचा. पूर्वी कसा दगडागत व्हायचा.”

मी बर्फाकडं लक्ष दिलं नाही. दार दुपारी का लावतात, हे मात्र मी वहीत लिहून घेतलं.

आमचे शिंत्रे सर विज्ञान शिकवतात. मी त्यांना विचारलं, की सर, घरात वीज नेमकी कोण खातंय हे कसं पकडायचं? सरांनी मीटरच्या काचेमागची चकती फळ्यावर काढली. चकतीच्या कडेवर एक लाल खूण असते. ती समोर आली की एक फेरी. तुमच्या मीटरवर बाराशे फेऱ्यांना एक युनिट लिहिलंय ना, मग घड्याळ लाव. साठच्या एका बल्बला फेरी पन्नास सेकंदांची. फेरी जेवढी लवकर, तेवढं खाणारं मोठं. सगळं बंद केलं तर चकती थांबली पाहिजे. “आणि दीप्ती,” सर म्हणाले, “मोजायचं आधी, म्हणायचं नंतर.” पहिला निम्मा भाग मी वहीत घेतला.

मीटर बोळात. खाली दोन चिनी मातीचे फ्यूज, एक आमचा, एक खोलीचा. रविवारी दुपारी, वहिनी ड्युटीवर आणि दादा खोलीत असताना, मी स्टूल टाकून उभी राहिले. पप्पांनी झीरोचा बल्बसुद्धा बंद करू दिला, पाच मिनिटांसाठी. फ्रिजचं बटण वाकळीमागं गेलं होतं, हात पोचेना. म्हणून पप्पांना मेन स्विच पाडायला लावून मी आमचा अख्खा फ्यूजच उपसला आणि मेन पुन्हा चालू केला. आता घरात ना पंखा, ना ट्यूब, ना फ्रिज.

चकती फिरत होती. लाल खूण आली, गेली, पुन्हा आली. वीस सेकंद. पुन्हा मोजलं. वीसच.

म्हणजे अडीच बल्बांएवढं काहीतरी खोलीत चालू होतं, आणि दादांनी तर दुपारी एक ट्यूबसुद्धा लावलेली नसते, खिडकीच्या उजेडात कड्या जोडतात. मी मेन पाडला, त्यांचा फ्यूज काढला, मेन पुन्हा चढवला. चकती जागच्या जागी उभी राहिली. लाल खूण माझ्याकडं बघत होती.

मग मी बोळातून मागं गेले आणि त्यांच्या खोलीच्या दाराला कान लावला. आता शांत होतं. पळत येऊन फ्यूज बसवला, पुन्हा पळत जाऊन कान लावला. घुर्र. बारीक, एकसारखं.

दार उघडलं. दादा चिमटा हातात घेऊन उभे होते.

“काय गं? लाईट तूच घालवलीस व्हय?”

मला शरम वाटायला हवी होती. पण मी प्रदर्शनातला आवाज लावला. “दादा, आत मोटार आहे का?”

“कसली मोटार?”

“पॉलिशची. घुरघुरतंय ती.”

दादांनी कान दिला. “ते व्हय? ते तुमच्याकडनंच येतंय की. आमाला तर वाटायचं तुमचंच कायतरी घुरघुरतंय. रातध्याड चालूच असतंय.”

मला ते उद्धट वाटलं. चोर तो चोर. तोवर आई आणि पप्पा आले होते, आणि बर्फाचं भांडं घेऊन चिमणामावशीही आली होती, बर्फाची वेळ नसताना.

दादा बाजूला झाले. “बघा की या. मोकळी हाय खोली.”

खोलीत कॉट, स्टोव्ह, वहिनीच्या पुस्तकांची फळी, डाग द्यायची फुंकनळी, कड्यांची ताटली. मोटार नव्हती. पण कॉटखाली एक लोखंडी ट्रंक होती आणि तिला कुलूप होतं.

“त्यात काय आहे?” मी विचारलं.

“चांदी. शेठची.”

“उघडून दाखवा ना मग.”

दादांचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. “दुसऱ्याची चांदी मी कुणाम्होरं उघडत न्हाय, दीप्ती. आमच्यात उघडत न्हाईत. घरात बायकोम्होरं बी न्हाय.”

“बघितलंस?” चिमणामावशी आईला म्हणाली.

पप्पा म्हणाले, “चला, घरात चला सगळी.” आणि घरात आल्यावर आईला म्हणाले, “मी ट्रंक बघून कुणाला खोली सोडायला लावणार न्हाय. आपण खोली शोधत फिरत हुतो तवा लोक आधी आडनाव विचारायचे आणि मग कुलपाची किल्ली हरवायची त्यांची. विसरलीस?”

“मी कुठं काय म्हणालो?” आई म्हणाली. आमच्याकडं बायकापण ‘म्हणालो’च म्हणतात, शाळेत बाई कितीही ओरडल्या तरी. “पोरीनं मोजलंय. आकडा काय खोटा बोलतोय व्हय?”

आकडा. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला.

संध्याकाळी अनुजावहिनी आल्या. पांढरा ड्रेस, पायात कापडी बूट, हातात डबा. या वहिनींनीच मला जानेवारीत रक्तगटाचा धडा समजावून सांगितला होता, आणि मी तो समजल्याचं तिसऱ्याच दिवशी वर्गात सांगून शाबासकी घेतली होती. त्या सरळ आमच्या उंबऱ्यात आल्या. आत आल्या नाहीत.

“काका, शनिवारी शेठचा माल पोचवून येतो आमी. रविवारी सकाळी टेम्पो आणतो. खोली मोकळी करतो.”

“आणि परीक्षा?” पप्पांनी विचारलं.

“हुपरीहून येतो-जातो.”

“सहाच्या ड्युटीला?”

 त्यांनी माझ्याकडं बघितलं फक्त. ड्युटीचे दिवस कमी भरले तर परीक्षेला बसू देत नाहीत, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

सोमवारी मी वर्गात चोर सापडल्याचं जाहीर केलं. नाव सांगितलं नाही, पण हुपरी म्हटलं, ट्रंक म्हटलं. माझ्या बाकावरची मनाली डोळे मोठे करून ऐकत होती. मधल्या सुट्टीपर्यंत ट्रंकेत दोन मोटारी झाल्या होत्या.

शनिवारी दुपारी दादा-वहिनी गेले. दादांनी ट्रंकेतला माल पिशवीत घालून पोटाशी बांधला, वर शर्ट घातला, तशीच पद्धत असते. खोलीला कुलूप लागलं. मी शाळेतून आले, दप्तर न टाकताच बोळात गेले, कारण आता आकडा आणखी पक्का होणार होता. खोली रिकामी, चकती थांबणार, आणि मी वहीत शेवटची ओळ लिहिणार.

चकती फिरत होती. वीस सेकंद.

माझ्या अंगावर काटा आला, पण आनंदानं. म्हणजे जाताना मोटार चालूच ठेवून गेले. मुद्दाम. शेवटचा सूड. मी मेन पाडला, खोलीचा फ्यूज उपसला, मेन चढवला. लाल खूण मुकाट थांबली. फ्यूज मी माझ्या कंपासपेटीत ठेवला. उद्या टेम्पो आला की दाखवायचा, पुरावा म्हणून.

रविवारी सकाळी मला जाग आली ती आईच्या आवाजानं. “अगं बाई, हे पाणी कुठलं?”

पुढच्या खोलीत फ्रिजखालून पाण्याचा ओहोळ निघून पार उंबऱ्यापर्यंत गेला होता. आईनं दार उघडलं. आत अंधार. म्हशीचं दूध नासलं होतं, बर्फाच्या ट्रेमध्ये नुसतं पाणी.

“मेला वाटतं फ्रिज,” आई खाली बसली.

पप्पांनी बटण शोधायला वाकळीत हात घातला, मग वैतागून गाठी सोडायला लागले. वाकळ उलगडली आणि आम्ही तिघंही बघत राहिलो. पाठीमागच्या काळ्या जाळीला जिथं ती टेकली होती, तिथं आजीचं हिरवं लुगडं तपकिरी पडलं होतं. इस्त्री विसरल्यावर पडतं तसं. आणि फ्रिजची वायर आमच्या बोर्डाकडं जात नव्हतीच. खाली भिंतीला एक भोक होतं, त्यातून ती पलीकडं, खोलीत, कॉटमागच्या बोर्डाकडं गेली होती.

“अरे,” पप्पा हळूच म्हणाले. “हे मीच करून घेतलंतं. ती खोली आपलं स्वयंपाकघर हुतं तवा फ्रिज तिकडं हुता. हिकडं आणला, तर वायरमन म्हणाला कशाला नवीन लाईन, भोक पाडूया. साफ इसरलो.”

मी कंपासपेटी आणली. बोळात गेले, मेन पाडला, फ्यूज बसवला, मेन चढवला. घरातून आवाज आला. घुर्र. जन्मभर ऐकलेला आवाज, आणि मी तो दुसऱ्यांच्या दारातून ऐकून ओळखला नव्हता.

मग शिंत्रे सरांचा जुना धडा आठवला. फ्रिज आतली उष्णता उचलून पाठीमागच्या जाळीतून बाहेर टाकतो. मी त्या बिचाऱ्याचं तोंड वाकळीनं दाबून ठेवलं होतं. तो दोन महिने थांबला नव्हता.

“पण बर्फाला तर आमी गुंडाळायचो,” पप्पा म्हणाले.

“बर्फाची थंडी बर्फातच असते, पप्पा. हा आतली गरमी मागनं बाहेर टाकतो.”

आम्ही फ्रिज भिंतीपासून वीतभर ओढला. मी घड्याळ घेऊन त्याच्यासमोर मांडी घालून बसले. गरम झालेला, त्याला वेळ लागणारच होता. पाऊण तास झाला. सव्वा तास झाला. मग फ्रिज एकदा थरथरला आणि गप्प झाला. घर इतकं शांत झालं की फोटोपुढच्या झीरोच्या बल्बचा बारीक किणकिणाट ऐकू यायला लागला. आईनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ती मला एक ठेवून देईल. तिनं वाकळ उचलली आणि तपकिरी डागावर हात फिरवत बसली.

तेवढ्यात दारात टेम्पो आला.

ड्रायव्हर खाली उतरून विचारत होता, “पावणं, माल कुठला उचलायचा?” चिमणामावशी आधीच ओट्यावर होती. दादांनी खोलीचं कुलूप काढलं. मी वही घेऊन बाहेर आले. प्रदर्शनातला आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

“वहिनी, तुमची मोटार नव्हती. आमचा फ्रिज होता. तुमच्या फ्यूजवर.” आणि मी वायर, भोक, वाकळ, सगळं सांगितलं. ड्रायव्हरसुद्धा ऐकत होता.

अनुजावहिनी हसल्या नाहीत. “वहीत आमच्याबद्दल काय लिहिलंयस?”

“खोडते मी.”

“वाच आधी.”

मी वाचलं. “दुपारी दार लावून घेतात, का? ट्रंक उघडत नाहीत, का? काल वहिनी आमच्याकडं बघून हसल्या नाहीत, का?” 

“त्या दिवशी दवाखान्यात एक म्हातारी दगावली,” वहिनी म्हणाल्या. “म्हणून हसलो नव्हतो. आणि दार लावतो ते वाऱ्यानं डागाची ज्योत इझती म्हणून. इचारायचं हुतं की.”

पप्पांनी हात जोडले. “पोरी, राहा. निदान परीक्षेपत्तोर.”

दादा बायकोकडं बघत होते. टेम्पोवाला घड्याळाकडं. मला कळलं की त्या नाही म्हणू शकतात. त्या नाही म्हणाल्या असत्या तर मे महिन्यातला परीक्षेचा बाक माझ्या वहीनं रिकामा केला असता.

“राहतो,” वहिनी म्हणाल्या. “पण आमचं मीटर वेगळं बसवा. आणि आमच्या दाराला कुणी कान लावायचा न्हाय.” मग टेम्पोवाल्याला म्हणाल्या, “पावणं, चहा घेऊन जावा. खेप फुकट गेली तुमची.”

“न्हाय, पण मोटार न्हवती, तर मग ट्रंकेला कुलूप कशाला?” चिमणामावशी ओट्यावरून म्हणाली.  त्या दिवशी तिला बर्फ मिळाला नाही, झालाच नव्हता.

पंधरा दिवसांत वायरमन आला, फ्रिजची लाईन आमच्याकडं घेतली आणि खोलीला छोटं मीटर लावलं. आता संध्याकाळी ड्युटीवरून आल्या की वहिनी बूट न काढता बोळात जातात, मनगटावरचं घड्याळ बघत दोन्ही मीटरसमोर उभ्या राहतात. आधी त्यांच्या, मग आमच्या. मी खिडकीतून बघते. मला त्याबद्दल बोलायचा हक्क नाही.

एप्रिलचं बिल चौऱ्याऐंशी युनिट आलं. आईनं ते फ्रिजवर ठेवलं नाही. तिथं आता काही ठेवायचं नाही असं ठरलंय.

पण वर्गात सांगायचं राहिलं होतं. त्या रविवारनंतरच्या सोमवारी मी स्वतःहून उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं, चोर कुणी नव्हता. चूक माझी होती. वाकळ मी शिवली होती.

कुणाला पटलं नाही. मनालीनं तर माझ्या पायांकडं बघितलं. “चांदीवाल्यांनी पैंजण दिलं असणार तुला. गप्प बसायला.”

मी तिथंच बाकावर बसून दोन्ही मोजे काढले आणि पाय दाखवले. रिकामे.

मनालीनं नीट वाकून बघितलं. मग मान हलवली.

“ट्रंकेत ठेवलं असशील,” ती म्हणाली.